सरळ मुठीचं ल्यूगर : एका खरेदीचं प्रकरण

पेन्सिल्व्हेनियातल्या एका लिलावातून आलेलं पार्सल काकांनी डायनिंग टेबलावर उघडलं आणि पाच मिनिटांत मला फोन केला. "अरे, फसलो बहुतेक. जरा ये. आणि ते तुझं भिंग घेऊन ये."

काका माझ्या नात्यातले नाहीत. इथल्या मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, तेव्हापासून ते काका. चिंचवडच्या एका टूलरूममध्ये उमेदवारीपासून सुरुवात केलेली, सत्तरीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आले, उत्तर व्हर्जिनियात घर केलं आणि आयुष्यभर जिग, फिक्स्चर, गेज यांतच रमले. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या यंत्रांचा नाद लागला. आधी घड्याळं, मग शिवणयंत्रं आणि शेवटी ल्यूगर, म्हणजे जुनं जर्मन पिस्तूल. "पिस्तुलाचं मला काही नाही रे," असं ते म्हणायचे, "पण हे मिलिंग बघ!" त्यांची हौस खरोखर तेवढीच आहे. गोळी झाडण्यापेक्षा ती वस्तू कशी बनवली असेल, कुठल्या बाजूने कटर घातला असेल, यावर ते तासभर बोलू शकतात.

लिलावाच्या यादीत लिहिलं होतं : जर्मन ल्यूगर पी-०८, ९ मिलिमीटर, महायुद्धकालीन, उत्तम अवस्था. सोबत दोन फोटो, दोन्ही डाव्या बाजूचे आणि दोन्हींत मूठ हाताखाली अर्धी झाकलेली. काकांनी बोली लावली ती 'महायुद्धकालीन' या एका शब्दावर.

मी पोचलो तेव्हा पिस्तूल पंचावर ठेवलेलं होतं, मॅगझीन (काडतुसांची काढघाल करता येणारी पेटी) काढून बाजूला, चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) उघडी. सवयीप्रमाणे मीही एकदा रिकामी असल्याची खात्री केली. मग काकांनी बोट ठेवलं ते मुठीच्या पुढच्या कडेवर.

"ही कड सरळ आहे. ल्यूगरची मूठ खाली येताना पुढं वळते ना? इथं वळणच नाही. कोणी तरी कापलीय किंवा नक्कल आहे."

वळण नव्हतं हे खरं. चापाखालून निघालेली पुढची कड फूटपट्टी लावून आखल्यासारखी थेट खाली आली होती. पण कापलेली नव्हती. कापलेल्या लोखंडावर रंगाचा फरक दिसतो, कड दबलेली दिसते. इथला काळा-निळा रंग मुठीपासून नळीपर्यंत एकसारखा, खोल आणि चकचकीत होता. आणि मुठीच्या मागच्या बाजूला, अंगठ्याच्या खळग्याखाली, दाबल्यावर आत जाणारी एक पट्टी होती : मुठीची सेफ्टी, मूठ घट्ट धरल्याशिवाय गोळी सुटू न देणारी. सैन्याच्या पी-०८ला ती नसते.

इथंच मला अर्धं उत्तर मिळालं होतं. पण काकांसारख्या माणसाला उत्तर सांगून उपयोग नसतो, त्यांना माप दाखवावं लागतं. म्हणून आम्ही खुणा एकेक करून वाचल्या.

भिंगाखाली

चेंबरच्या वर पंख पसरलेला गरुड, अमेरिकेच्या राजमुद्रेतला. युद्धकाळातल्या सैनिकी ल्यूगरवर त्या जागी वर्षाचे आकडे असतात. नळीमागे पिस्तुलाच्या पाठीवर जो मोडणारा सांधा असतो, त्याच्या पुढच्या कांडीवर माउझर या जर्मन बंदूक कंपनीचं फलकासारखं बोधचिन्ह. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास तिथं बहुतेक वेळा एस/४२, ४२ किंवा बीवायएफ असे गुप्त संकेत असायचे. जर्मन सैन्याच्या तपासनिसाचा छोटा गरुड कुठंच नाही. आणि मग फ्रेमवर, बारीक अक्षरांत, आयात करणाऱ्याचं नाव व गाव : इंटरआर्म्स, अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया.

काका हसले. "म्हणजे हे माझ्या घरापासून पंचवीस मिनिटांवर उतरलं, पेन्सिल्व्हेनियाला गेलं आणि मी पैसे मोजून परत आणलं?"

सगळ्यात महत्त्वाची खूण मात्र सगळ्यात लहान होती. एक हरणाचं शिंग आणि त्याच्या शेजारी दोन अक्षरं, एच आणि बी. शिंग ही जर्मनीतल्या उल्म शहराच्या सरकारी प्रूफ हाउसची खूण. तिथं प्रत्येक बंदुकीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसं झाडून बघतात आणि टिकली तरच शिक्का देतात. दोन अक्षरं म्हणजे वर्ष. ए म्हणजे शून्य, बी एक, सी दोन असं करत आय म्हणजे आठ. जे गाळायचं आणि के म्हणजे नऊ. एच सातवर येतो. एचबी म्हणजे ७१. पिस्तूल १९७१ सालचं.

काका गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे नक्कल नाही, पण युद्धातलंही नाही. मग हे आहे काय?"

या प्रश्नासाठीच हे प्रकरण लिहून ठेवतोय. ल्यूगर गोळा करणाऱ्यांमध्ये १९७०च्या दशकातल्या माउझरला कित्येक वर्षं सावत्र वागणूक मिळाली. 'नवं', 'दुकानातलं', 'इतिहास नसलेलं' असं म्हणून लोक ते बाजूला सारायचे. माझं मत उलट आहे. युद्धकाळातल्या पिस्तुलावर सैन्याच्या खुणा दिसतात. पण या पिस्तुलाच्या अंगावर चार गावांचा हिशेब दिसतो, आणि तो वाचता आला तर ती सरळ कड आपली आपण बोलायला लागते.

बर्लिन, बर्न, ओबर्नडॉर्फ

ल्यूगरचा जीव त्याच्या सांध्यात आहे. ह्यूगो बोर्शार्डनं १८९३ साली एक अवजड पिस्तूल काढलं होतं, ज्याचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) दोन कांड्यांच्या सांध्यानं बंद राहायचा. पाय सरळ केला की गुडघा वाकत नाही, तसंच. जर्मन भाषेत या रचनेला गुडघ्याचा सांधाच म्हणतात. गोळी सुटली की नळी आणि सांधा थोडे मागे सरकतात, सांध्याच्या दोन गोल घुंड्या फ्रेमच्या उतारावर आपटतात, गुडघा वर मोडतो आणि रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कंपनीत काम करणाऱ्या गेऑर्ग ल्यूगरनं हे सगळं आटोपशीर केलं, मूठ तिरकी केली आणि स्प्रिंग मुठीत नेली. या पिस्तुलाचं 'पॅराबेलम' हे दुसरं नाव आलं एका लॅटिन म्हणीतून : शांतता हवी असेल तर युद्धाची तयारी ठेव.

पहिलं गिऱ्हाईक जर्मन सैन्य नव्हतं, ते होतं स्वित्झर्लंड. स्विस सैन्यानं १९०० साली ७.६५ मिलिमीटरचं पॅराबेलम स्वीकारलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन सैन्यानं चाचणीसाठी हजार नग मागवले, आणि चेंबरवरचा अमेरिकन गरुड तेव्हाचा आहे. सत्तरीत तो कोणी नव्यानं शोधून काढला नाही. जर्मन नौदलानं १९०४ साली ९ मिलिमीटरचं घेतलं, भूदलानं १९०८ साली, म्हणून पी-०८. या पिस्तुलासाठी बनलेलं ९ मिलिमीटरचं काडतूस आज जगभर चालतं. आपल्याकडे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं सैन्याचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल रचनेनं ब्राउनिंगचं, पण खातं ल्यूगरचंच काडतूस.

पहिल्या महायुद्धात बर्लिनहून माल येणं थांबलं तेव्हा स्विस लोकांनी बर्नच्या सरकारी कारखान्यात स्वतःच पॅराबेलम बनवायला घेतलं. स्विस काम, त्यामुळं बनलं सुंदर आणि पडलं महाग. मग १९२९ साली त्यांनी तेच पिस्तूल स्वस्तात कसं होईल हे बघितलं. घुंड्यांवरची जाळीदार खाच गेली, लाकडी गाल जाऊन प्लास्टिकचे आले, आणि मुठीच्या पुढच्या कडेचं वळण काढून टाकलं.

हे सांगितल्यावर काकांनी पिस्तूल पुन्हा हातात घेतलं. अंगठ्यानं ती कड खालपर्यंत चाचपली.

"सरळ कड म्हणजे एका पासमध्ये काम," ते म्हणाले. "वळण असेल तर फॉर्म कटर आला, नाही तर जॉब फिरवायला वेगळं फिक्स्चर आलं, वेगळं गेज आलं, तपासायला वेगळा माणूस आला. घडीव लोखंडातून ही एवढी फ्रेम काढायची म्हणजे आधीच किती ऑपरेशन्स! कोणी तरी मालकाला कागदावर दाखवलं असणार, साहेब, ही वक्ररेषा आपल्याला इतक्याला पडते."

मला वाटतं त्या क्षणी त्यांनी ते पिस्तूल मनानं स्वीकारलं. कापलेली वाटत होती ती कड आता त्यांना त्यांच्याच खात्यातली, कॉस्टिंगच्या टेबलावरची वाटू लागली.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. डीडब्ल्यूएमचं काम १९३० साली बर्लिनहून नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फला, माउझरच्या कारखान्यात गेलं. तिथं जर्मन सैन्यासाठी पी-०८ १९४२पर्यंत बनलं. तोवर वॉल्टर कंपनीच्या पी-३८नं, जे बनवायला सोपं होतं, त्याची जागा घेतली होती. १९४५च्या एप्रिलमध्ये फ्रेंच सैन्य ओबर्नडॉर्फमध्ये शिरलं. त्यांनी काही काळ कारखाना चालवून स्वतःसाठी पिस्तुलं बनवून घेतली आणि मग यंत्रं उचलून कारखाना मोडला. त्याच गावात माउझरच्या जुन्या इंजिनिअरांनी १९४९ साली हेक्लर अँड कॉख ही बंदूक कंपनी काढली, हा वेगळा फाटा. तिकडे स्विस सैन्यानंही १९४९ साली सिग या स्विस कंपनीचं नवं पिस्तूल घेतलं आणि बर्नचं पॅराबेलम संपलं. म्हणजे पन्नाशीच्या दशकात जगात ल्यूगर बनवणारं कोणीच उरलं नव्हतं.

अलेक्झांड्रियाचा व्यापारी

उरली होती ती मागणी, आणि ती अमेरिकेत. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या पिशव्यांतून हजारो ल्यूगर इकडे आले होते, त्यामुळं हे पिस्तूल इथल्या घराघरात ओळखीचं झालं होतं. सॅम्युएल कमिंग्ज नावाचा माणूस त्या काळी जगातला सर्वांत मोठा खासगी शस्त्रव्यापारी म्हणून ओळखला जायचा. देशोदेशीच्या सैन्यांनी टाकून दिलेल्या बंदुका घाऊक भावानं उचलायच्या आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला विकायच्या, हा त्याचा धंदा. त्याच्या इंटरआर्म्सची गोदामं अलेक्झांड्रियाच्या जुन्या भागात, पोटोमॅक नदीच्या धक्क्यालगत होती. आज तिथं लोक आइस्क्रीम खात फिरतात.

१९६८च्या अमेरिकन कायद्यानं सैन्याच्या जुन्या बंदुकांची आयात बंद केली. जुना माल आणता येत नसेल, तर जुन्या घडणीचा नवा माल आणावा, हे व्यापाऱ्याचं सरळ गणित. माउझरनं बर्नची यंत्रसामग्री घेतलेली होतीच. ओबर्नडॉर्फमध्ये पॅराबेलम पुन्हा सुरू झालं आणि अमेरिकेत ते इंटरआर्म्सनं विकलं.

ओबर्नडॉर्फला पिस्तूल परत आलं, पण आलं ते बर्नच्या वाटेनं. त्यामुळं पहिलं नवं मॉडेल स्विस वळणाचं निघालं, खरं तर बिनवळणाचं. त्याचं नाव २९/७०. १९२९चा स्विस नमुना, १९७०चं उत्पादन. काकांच्या टेबलावर होतं ते हे.

अमेरिकन गिऱ्हाइकानं मात्र नाक मुरडलं. त्याच्या डोळ्यात ल्यूगर म्हणजे पी-०८चीच ती मूठ. काकांनी केली तीच तक्रार पन्नास वर्षांपूर्वी दुकानादुकानांत झाली असणार. मग माउझरनं वळणदार मुठीचं ०६/७३ काढलं. १९०६चा नमुना, १९७३चं मॉडेल. बर्नच्या हिशेबनिसांनी १९२९ साली जी वक्ररेषा वाचवली होती, ती गिऱ्हाइकानं पैसे देऊन परत आणली. मुठीमागची सेफ्टी मात्र दोन्हींत राहिली.

नावातही एक गोम आहे. ही पिस्तुलं 'ल्यूगर' म्हणून विकली गेली नाहीत, 'माउझर पॅराबेलम' म्हणून विकली गेली, कारण अमेरिकेत 'ल्यूगर' हे व्यापारी नाव स्टोगर या कंपनीच्या मालकीचं होतं. स्टोगरनं त्याच सुमारास पॉइंट २२च्या बारीक काडतुसाचं, दिसायला ल्यूगरसारखं पण आतून निराळं पिस्तूल काढलं आणि त्यावर 'ल्यूगर' हे नाव कायदेशीरपणे छापलं. म्हणजे ज्यावर ल्यूगर लिहिलंय ते ल्यूगर नाही, आणि जे ल्यूगर आहे त्यावर तसं लिहिता येत नाही. नवख्याची गाडी इथं हमखास घसरते. जर्मनीतल्या एर्मा कंपनीनंही साठीच्या दशकात तसल्याच सांध्याची छोटी पिस्तुलं काढली होती. लांबून फोटोत सगळी भावंडं दिसतात.

परत करायचं की ठेवायचं

काकांनी लिलाववाल्यांना सविस्तर पत्र लिहिलं. एचबीचा फोटो, सरळ मुठीचा फोटो, आयातदाराच्या नावाचा फोटो. मागणी एवढीच, की वर्णन चुकीचं होतं, किमतीतला फरक परत करा. उत्तर दोन ओळींचं आलं : आठवड्याच्या आत वस्तू परत पाठवा, पूर्ण पैसे देऊ, फरक मिळणार नाही.

सहा दिवस हातात होते. ते घालवले कसे हे सांगण्यासारखं आहे, कारण निर्णय भावनेवर नाही, तीन प्रश्नांवर झाला.

पहिला कायद्याचा. काकांकडे संग्राहकाचा फेडरल परवाना आहे. तीस डॉलर शुल्क, तीन वर्षांची मुदत, आणि प्रत्येक खरेदी-विक्री बांधीव वहीत लिहायची सक्ती. या परवान्यावर 'क्युरिओ आणि रेलिक', म्हणजे जुनी संग्राह्य, या वर्गातली शस्त्रं परराज्यातून थेट घरी मागवता येतात. साधारण नियम असा, की पन्नास वर्षं जुनं आणि मूळ स्थितीतलं शस्त्र आपोआप या वर्गात येतं, पण प्रतिकृती येत नाही. काकांना धास्ती होती ती याच शब्दाची. १९७१चं पॅराबेलम ही १९०८ची प्रतिकृती ठरली तर? लिलाववाल्यांनी ते युद्धकालीन समजून थेट घरी पाठवलं होतं.

त्याचं उत्तर या वर्गातल्या शस्त्रांच्या सरकारी यादीतच निघालं. यादीत एक नोंद जवळजवळ या टेबलावरच्या पिस्तुलाकडे बघूनच लिहिल्यासारखी आहे : माउझर पॅराबेलम, ७.६५ किंवा ९ मिलिमीटर, चार आणि सहा इंची नळी, स्विस घडण, मुठीची सेफ्टी, चेंबरवर अमेरिकन गरुड, १९७० ते १९७८. काकांनी पट्टी घेतली आणि नळी मोजली. चार इंच. मग यादीतल्या प्रत्येक शब्दापुढं पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. टूलरूमचा माणूस.

(भारतात राहणाऱ्या वाचकाला हे सगळं परग्रहावरचं वाटेल, आणि वाटायलाच हवं. आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आणि ९ मिलिमीटर हा बोअर सामान्य नागरिकाला बंद आहे. तिथं ल्यूगरचा संग्रह म्हणजे पुस्तकांचा संग्रह.)

दुसरा प्रश्न किमतीचा. मी आकडे देत नाही, कारण ते दर लिलावाला बदलतात. पण उतरंड अशी आहे : सगळ्या भागांवरचे नंबर जुळणारं, न रंगवलेलं युद्धकाळातलं पी-०८ वर, सत्तरीतलं साधं माउझर त्याच्या खाली, आणि नंबर न जुळणारं, पुन्हा रंगवलेलं पी-०८ बहुतेक वेळा त्याच्याही खाली. काकांनी पहिल्या पायरीच्या थोडं खाली आणि दुसऱ्या पायरीच्या थोडं वर पैसे दिले होते. म्हणजे महाग पडलं, पण लुटले गेले नव्हते. माउझरचं मूळ खोकं आणि पुस्तिका सोबत असती तर मी म्हटलं असतं, भाव बरोबर आहे. सत्तरीतल्या पिस्तुलाच्या बाबतीत खोक्याला जो मान आहे तो जुन्यांना नाही. जुन्या पिस्तुलाचं खोकं कोणी जपलंच नाही, त्यामुळं त्याची कोणी अपेक्षाही करत नाही. इथं मात्र पहिल्याच मालकानं संग्रह म्हणूनच घेतलेलं असतं, मग खोकं गेलं कुठं, असा प्रश्न येतो.

याच जोडीला स्मारक आवृत्त्यांचा विषय निघाला. माउझरनं स्विस स्वीकाराच्या पंचाहत्तरीची, १९७५ची आवृत्ती काढली, मग बल्गेरियन, रशियन, नौदलाची, पुढं ऐंशीच्या दशकात काडतूस-मोजणीच्या (मॅगझीनमध्ये किती काडतुसं उरली हे दाखवणाऱ्या) नमुन्याची. प्रत्येकी थोडेच नग, सोन्याची अक्षरं, पेटी. काकांचं मन जरा तिकडे गेलं होतं. माझं म्हणणं त्यांना आवडलं नाही, तरी सांगतो : ती पिस्तुलं जन्मालाच संग्रहासाठी आली, त्यांच्यावर गिऱ्हाइकाच्या तक्रारीची खूण नाही की हिशेबनिसाची नाही. सुंदर आहेत. मला त्यांत वाचायला काही सापडत नाही.

तिसरा प्रश्न होता पिस्तूल ठीक चालतं का. मी म्हणत होतो, झाडू नका. पुढं विकायचं झालं तर 'न वापरलेलं' या शब्दाला भाव असतो. काकांनी माझ्याच शिंगाच्या खुणेवर बोट ठेवलं. "उल्मला जास्त दाबाची काडतुसं झाडली म्हणतोस, मग न वापरलेलं कसं?" याला उत्तर नव्हतं. शनिवारी आम्ही नेमबाजीच्या रेंजवर गेलो.

पहिल्या मॅगझीनमध्ये पाच काडतुसांपैकी दोनदा अडकलं. पुढचं काडतूस वेळेवर वर येत नव्हतं. सांधा त्याच्या पुढं निघून बंद होत होता. काकांचा चेहरा उतरला. मी दुसऱ्या एका ओळखीच्या सभासदाकडून सत्तरीतल्या माउझरचं मॅगझीन मागून आणलं, तीच १२४ ग्रेन वजनाच्या, गोल नाकाच्या गोळीची काडतुसं भरली. तीन मॅगझीन झाली, एकदाही अडकलं नाही. गुडघा दर वेळी वर मोडला, रिकामं काडतूस डोक्यावरून मागे गेलं आणि काका प्रत्येक गोळीनंतर निशाण्याऐवजी सांध्याकडेच बघत राहिले. ल्यूगरला फार उभ्या कोनातून काडतूस वर ढकलावं लागतं, तेही सांध्याच्या झपाट्याच्या आत. त्यामुळं मॅगझीनची स्प्रिंग थकली की पिस्तूल बदनाम होतं.

म्हणजे दोष होता लिलावातून आलेल्या मॅगझीनचा. आणि तोवर आम्ही त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

मॅगझीन

घरी येऊन ते पुसलं. बूड अ‍ॅल्युमिनियमचं. भिंगाखाली बुडावर चार आकडी नंबर आणि एक अक्षर दिसलं, आणि त्याखाली एक छोटं अधिकचं चिन्ह. पिस्तुलाच्या नंबराशी त्याचा काहीच संबंध नव्हता.

जर्मन सैन्यात प्रत्येक पी-०८सोबत दोन मॅगझीनं मिळायची. एक पिस्तुलात, दुसरं चामड्याच्या केसच्या कप्प्यात. दोन्हींवर पिस्तुलाचा नंबर, आणि दुसऱ्यावर अधिकचं चिन्ह, अदलाबदल होऊ नये म्हणून. कोणा एका सैनिकाच्या केसमधलं दुसरं मॅगझीन. त्याचं पिस्तूल कुठल्या तरी कपाटात त्या नंबराची वाट बघत असेल. मधल्या एखाद्या मालकानं किंवा विक्रेत्यानं १९७१च्या पिस्तुलात हे घालून ठेवलं होतं, आणि यादी लिहिणाऱ्याला 'महायुद्धकालीन' हा शब्द बहुधा तिथूनच सुचला. या सगळ्या व्यवहारात युद्धातली वस्तू ती एकच होती.

काकांनी पिस्तूल परत पाठवलं नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी लिलाववाल्यांना एक ओळ लिहिली, ठेवतोय म्हणून. सत्तरीतलं एक मॅगझीन वेगळं विकत घेतलं. पुढच्या वर्षी वळणदार मुठीचं ०६/७३ही आलं, आणि आता दोन्ही शेजारी ठेवून ते पाहुण्यांना त्या कडेवरून अंगठा फिरवायला लावतात. वॉल्टरच्या पीपी या पिस्तुलाकडे त्यांचा डोळा आहे. तिथंही अशीच गंमत आहे. युद्धानंतर ते फ्रान्समध्ये, मुलूझच्या मानुऱ्हँ कारखान्यात बनायला लागलं आणि पुढं फ्रान्समध्ये बनलेल्या भागांवर उल्मचा शिक्का बसत राहिला. मग ते जर्मन की फ्रेंच, यावर त्यांचा वाद आत्तापासूनच सुरू झालाय.

बांधीव वहीत नोंद त्यांनी माझ्यासमोर केली. तारीख, कोणाकडून, मॉडेल २९/७०, नंबर. उत्पादकाच्या रकान्यात माउझर, ओबर्नडॉर्फ. आयातदाराच्या रकान्यात इंटरआर्म्स, अलेक्झांड्रिया, आणि हे लिहिताना ते पुन्हा एकदा हसले.

जुनं मॅगझीन वहीत लिहावं लागत नाही. ते त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून व्हर्नियरच्या खणात ठेवलंय. फडक्याला सुतळीनं एक चिठ्ठी बांधली आहे आणि तिच्यावर तो नंबर, ते अक्षर आणि अधिकचं चिन्ह काढलंय. कुठंही प्रदर्शनाला गेलो आणि टेबलावर बीवायएफ किंवा एस/४२ दिसलं, की काका आधी वाकून त्याचा नंबर बघतात.